माझी पहिली नोकरी

१९६० सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. त्या वर्षी मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो होतो आणि हा मला मोठाच पराक्रम वाटत होता. परंतु पराक्रमाने घरातील कणगी भरत नाही. आदल्या पावसाळ्यात वडील वारले होते. घरात आई, मी आणि पाचवीत शिकणारी धाकटी बहीण, एवढी तीनच माणसे. शेत होते, पण ते भाताचे, सर्वस्वी पावसावर अवलंबून असलेले आणि जेमतेम दीड एकराचे. राबात बी पेरून झाले म्हणजे लावणी सुरू होईपर्यंत हातांना काम नसे. पोटाला मात्र तशी सुट्टी नसते.

आमचे भिसेगाव कर्जत स्थानकाच्या अगदी शेजारी. ओटीवर बसल्या बसल्या कोणती गाडी आली हे आम्ही नुसत्या आवाजावरून ओळखीत असू. कर्जत हे बोरघाटाच्या पायथ्याचे स्थानक. १८६३ साली घाटातून लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून या स्थानकाला एक वेगळेच महत्त्व आले. घाटातील चढ एवढा कठीण की, काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जावे तेव्हा मार्ग एक फूट वर चढतो. एकट्या एंजिनाला तो चढ झेपत नाही. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला जादा एंजिने जोडतात. त्या कामापुरती गाडी थांबते, आणि तेवढ्या काही मिनिटांत प्रवाशांना भूक लागते! कर्जतचा बटाटेवडा, आणि त्याच्याशी जोडले गेलेले दिवाडकरांचे नाव, दूरदूरच्या प्रवाशांना ठाऊक झाले ते या थांब्यामुळेच. गाडी थांबावी म्हणून कोणी वडा तळला नाही. गाडी थांबत होती म्हणून वडा तळला गेला. स्थानकाबाहेरही दोन-चार हॉटेले होती. खोपोलीची गाडी धरणारे, एस्. टी.ची वाट पाहणारे, बाजाराला आलेले, दवाखान्यातून परतणारे असे नाना प्रकारचे लोक तेथे टेकत असत. अशाच एका हॉटेलात वेटर हवा आहे, असे आमच्या आळीतील एका गृहस्थांनी आईला येऊन सांगितले. पगार महिना वीस रुपये आणि दोन वेळचे जेवण.

त्या दिवशी संध्याकाळी काका आले. ते वडिलांचे थोरले बंधू. त्यांच्यापुढे घरात कोणी वर मान करून बोलत नसे. बातमी त्यांच्या कानी आधीच पोहोचली होती. ते म्हणाले, "आपल्या घरातील मुलाने शाळा शिकावी आणि लोकांची उष्टी उचलावी? वहिनी, तुम्ही याचा विचार केला आहे का?"

आई चुलीपुढे बसली होती. तिने मागे न वळताच उत्तर दिले, "भाऊजी, गावात कार्य निघाले की पंगतीत वाढायला तुम्ही सर्वांच्या पुढे असता. तेव्हा कमरेला उपरणे बांधून ताक वाढताना तुम्हाला कमीपणा वाटत नाही."

"ते वाढणे निराळे. पत्रावळी मी उचलीत नाही."

"मग त्या कोण उचलतात?" आईने विचारले.

काका काही वेळ गप्प राहिले आणि नंतर पावसाविषयी बोलू लागले. संमती मिळाली असे मी धरून चाललो; पण त्यांचा शब्द माझ्या मनात रुतून बसला होता. उष्टी! मी ती कशी उचलणार? उचलताना मला कोणी पाहिले तर? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या स्वप्नातील हॉटेलात सगळ्या बाकांवर शाळेतील मुले बसली होती आणि मी हातात कप घेऊन चालत होतो, चालतच होतो. बाक काही जवळ येत नव्हते.

पहाटे पाच वाजता इरले डोक्यावर घेऊन मी निघालो. हॉटेलाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. आत चहाच्या भट्टीचा जाळ दिसत होता. मालक गल्ल्यावर उदबत्ती लावीत होते. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि "तात्या, नवा मुलगा आला," एवढेच ते बोलले.

तात्या हे तेथील सर्वांत जुने वेटर. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगाने काटकुळे, खांद्यावर सदैव ओले फडके. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात बरीच वर्षे काढून ते कर्जतला आले होते. त्यांनी माझे हात पाहिले, नखे पाहिली आणि हात धुऊन यायला सांगितले. मी धुऊन आलो. त्यांनी पुन्हा धुवायला लावले. मग माझ्यापुढे पाण्याचे चार पेले ठेवून ते म्हणाले, "उचल."

मी चार बोटे चार पेल्यांत घातली आणि पेले उचलले. हॉटेलांत तसेच करतात हे मी पाहिले होते.

"आता यांतले एक पेलाभर पाणी तू पी," तात्या म्हणाले.

मी पेल्याकडे पाहिले. आत माझी बोटे बुडालेली होती. तात्या हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पेला खालच्या अंगाने कसा धरावा, काठाला बोट कसे लागू देऊ नये, हे त्यांनी करून दाखविले. त्यांची शिकविण्याची तऱ्हा सगळी अशीच होती. थोडे बोलावयाचे आणि मग करावयास लावावयाचे. भरलेला कप घेऊन मी निघालो की चहा हिंदकळून बशीत सांडे. तात्या म्हणाले, "ढांगा टाकू नकोस. पाऊल लहान ठेव आणि निघताना झटका देऊ नकोस. चहा तुझ्या चालीवर झोके घेतो." ते का, हे त्यांनाही सांगता आले नसते. पुढे २०१२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे दोन संशोधकांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. कपाच्या आकाराच्या भांड्यातील द्रवाला स्वतःची अशी हेलकाव्याची एक लय असते आणि ती माणसाच्या पावलांच्या लयीच्या जवळपास असते, असे त्यांना आढळले. झोपाळ्याला ठरावीक वेळी धक्का मिळत गेला म्हणजे झोका उंच जातो. तसेच प्रत्येक पावलागणिक कपातील हेलकावा वाढत जातो. ती बातमी वाचली तेव्हा तात्या हयात नव्हते. असते तर, "एवढ्यासाठी यंत्रे कशाला लावली?" असे त्यांनी नक्की विचारले असते.

हात कसेबसे वळले. पण तोंड वळेना. त्या काळी छोट्या हॉटेलांत बिलाचा कागद नसे. गिऱ्हाइकाने मागितलेला जिन्नस वेटरने भटारखान्याकडे तोंड करून ओरडून सांगावयाचा आणि गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघाले की त्याचे किती पैसे झाले तेही ओरडून सांगावयाचे. मालक तेवढे पैसे घेत. म्हणजे वेटरच्या तोंडावरच सगळा हिशेब! त्यातून नाण्यांचा घोळ होता. १९५७ सालच्या एप्रिल महिन्यात दशमान नाणी सुरू झाली होती आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. परंतु लोकांच्या तोंडी अजून आणेच होते. रुपयाचे आणे सोळा. म्हणून एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा. मात्र तीन आणे म्हणजे अठरा नव्हेत, एकोणीस, आणि चार आणे म्हणजे पंचवीस. आमच्याकडे अर्धा कप चहा एक आण्याला मिळे. तिघे मित्र आले आणि त्यांनी आपापले पैसे दिले तर गल्ल्यात अठरा पैसे पडत. एकाच मित्राने तिघांचे दिले तर एकोणीस. या एका पैशावरून गल्ल्यापुढे रोज एखादे तरी भांडण होई. शाळेत गणितात मला चांगले गुण होते. पण फळ्यापुढे उभे राहून केलेले गणित आणि गिऱ्हाइकाची पाठ वळताच ओरडून सांगावयाचे गणित, यांत फार अंतर आहे.

पहिले गिऱ्हाईक एक खटारेवाला होता. त्याने चहा मागितला. मी भटारखान्याकडे तोंड केले, पण घशाला कोरड पडलेली, आवाज फुटेना. अखेर मी आत जाऊन हळूच सांगितले. तो चहा घेऊन मी बाकापर्यंत पोहोचलो तोवर कपातील निम्मा चहा बशीत उतरला होता. माझे तोंड उतरले. खटारेवाल्याने बशी उचलून तोंडाला लावली आणि म्हणाला, "बरे केलेस. मीही बशीतच ओतणार होतो." मला त्या माणसाचे नाव कधी कळले नाही. त्या दिवशी त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी तसाच घरी पळालो असतो.

भटारखान्याच्या मागच्या बाजूला मोरी होती. तेथे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कपबशा विसळीत बसलेला असे. सगळे त्याला 'पोऱ्या' म्हणत. त्याला दुसरे नाव असेल असे कोणाच्या मनातही येत नसे, आणि मीही ते विचारले नाही, याची आज मला लाज वाटते. तो कोठल्या तरी वाडीवरून आला होता आणि रात्री हॉटेलातच बाकावर निजे. मी सतरा वर्षांचा, शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला, आणि भीतीने कापत होतो. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, आणि त्याच्या हातून एक कप निसटत नव्हता. तेव्हा हे कोणालाच वावगे वाटत नसे. पुढे १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत कामास ठेवण्यावर सरकारने बंदी घातली. त्या बातमीतही मला मोरीपाशी बसलेला तो मुलगाच दिसला. कवी नारायण सुर्वे यांनीही लहानपणी हॉटेलात कपबशा विसळल्या होत्या. त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला काव्यसंग्रह १९६२ साली निघाला, आणि पुढे आमच्याच तालुक्यात, नेरळला, त्यांनी घर केले. आमच्या पोऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र मला सांगता येत नाही.

दहाच्या सुमारास पाऊस वाढला आणि हॉटेल भरून गेले. त्या गर्दीत एक ठाकूर म्हातारी नातवाला पाठीशी बांधून आली. दवाखान्यातून आली असावी. हातात औषधाची बाटली होती. ती दारातच पायरीवर बसू लागली. तात्यांनी तिला पाहिले मात्र, "आजी, पायरीवर पाणी येते. आत बाकावर बसा," असे म्हणून त्यांनी एका गृहस्थांना सरकायला सांगितले. गृहस्थ नाखुशीने सरकले. म्हातारीने कमरेच्या चंचीतून नाणी काढून दोनदा मोजली आणि मला विचारले, "ऊन दूध भेटेल का रे पोरासाठी? गाडीला येळ हाय थोडा."

मी आत जाऊन दूध सांगितले. ते तापेपर्यंत बाहेर येऊन उभा राहिलो, आणि रस्त्याकडे पाहताच माझे पाय जागच्या जागी थिजले. माझ्या वर्गातील दोन मुले छत्र्या मिटीत हॉटेलात शिरत होती. दोघांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे, एकाच्या हातात पत्र्याची नवी ट्रंक. कॉलेजात नाव घालण्यासाठी ती मुंबईला निघाली होती. आठ दिवसांपूर्वी मीच त्यांच्याबरोबर प्रवेशाच्या गोष्टी बोलत होतो. माझी कानशिले तापली. मी पाठ फिरविली आणि सरळ भटारखान्यात शिरलो. शिरताना कोपराचा धक्का लागून फळीवरची एक बशी खाली पडली आणि फुटली. मी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. पिठाच्या पोत्यांआड जाऊन उभा राहिलो. ती दोघे चहा पिऊन निघून जातील, मग आपण बाहेर जाऊ, असा माझा बेत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर तात्यांचा आवाज येत होता. ते एकटेच सगळे बाक सांभाळीत होते. तेवढ्यात मोरीकडून पोऱ्या आला. त्याने आधी बशीचे तुकडे गोळा केले, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादा, दूध निवतंय. म्हातारीची गाडी जाईल."

भट्टीशेजारी दुधाचा पेला तसाच होता. तो कोणाचा हे तात्यांना माहीत नव्हते. ते मला एकट्यालाच माहीत होते. मी पेला उचलला. बोट काठाला लागले नाही ना, हे पाहिले. बाहेर आलो तो म्हातारी उठण्याच्या बेतात होती. "आजी, दूध," मी म्हणालो. ती पुन्हा बसली, दूध बशीत ओतून फुंकर घालू लागली आणि पोराच्या तोंडाला थोडे थोडे लावू लागली. ते पोर मिटल्या डोळ्यांनी पीत होते. मी तेथेच उभा राहिलो. पोराने बशी संपविली तेव्हा माझ्या लक्षात आले की, मधल्या काळात मी त्या दोघांना साफ विसरलो होतो.

ती शेजारच्याच बाकावर बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. त्यांपैकी एकाने मान दुसरीकडे वळविली. दुसरा उठून म्हणाला, "अरे, तू इथे?"

"आजपासून," मी म्हणालो. "काय आणू?"

"दोन चहा. आणि... दोन वडे."

मी भटारखान्याकडे तोंड केले आणि ओरडलो, "दोन चहा, दोन वडे!" आवाज इतका मोठा निघाला की, गल्ल्यावरचे मालकही दचकून वर पाहू लागले. चहा नेताना हात कापत होताच. पण पावले मी लहान टाकीत होतो. आमचे बोलणे फारसे झाले नाही. त्याने कॉलेजचे नाव सांगितले, मी 'छान' म्हणालो. मुंबईच्या गाडीची वेळ झाली, तशी दोघे उठली. मी पैसे ओरडून सांगितले आणि ते बरोबर होते.

बाक पुसावयास गेलो, तर बशीखाली दोन आणे ठेवलेले. बक्षिसी! माझ्या बरोबरीच्या मुलाने, माझ्याच वर्गातील मुलाने मला बक्षिसी ठेवली होती. तीही ज्याने मान फिरविली त्याच्या बशीखाली. त्याने ती कोणत्या भावनेने ठेवली असेल? मोठेपणा दाखविण्यासाठी, की बोलायला शब्द सुचले नाहीत म्हणून? मी तो विचार पुढे अनेक वर्षे केला आहे आणि आजही माझा निर्णय झालेला नाही. त्या क्षणी मात्र ती नाणी रस्त्यावर भिरकावून द्यावीत असे मला वाटले.

तात्या मागे येऊन उभे होते. त्यांनी गल्ल्यामागच्या फळीवर ठेवलेल्या एका डब्याकडे बोट दाखविले. "बक्षिसी तुझी एकट्याची नसते," ते म्हणाले. "रात्री सगळ्यांत वाटली जाते. भट्टीवाल्याला, पोऱ्यालाही. डब्यात टाक आणि सहा नंबरला पाणी दे."

मी नाणी डब्यात टाकली आणि सहा नंबरला पाणी दिले.

रात्री नऊच्या पुढे सुटलो. पाऊस ओसरला होता. बेडूक ओरडत होते आणि घाटाकडे जाणाऱ्या गाडीचा घरघराट बराच वेळ ऐकू येत होता. घरी आलो तेव्हा ओटीवर काका बसलेले. त्यांनी काही विचारले नाही. पायाशी पडलेले गोणपाट माझ्याकडे सरकविले. मी त्याला पाय पुसले. आईने पान वाढले आणि विचारले, "किती फुटले?"

"एक बशी. पगारातून जाईल."

"एकच?" आई म्हणाली आणि पानात आणखी भात वाढला.

जेवण झाल्यावर उष्टे ताट उचलून मी मोरीकडे निघालो. काकांचेही ताट तेथेच होते; तेही उचलले. काका काही म्हणाले नाहीत. बहीण दिव्याजवळ वही घेऊन गणिते सोडवीत बसली होती. "दादा, तीन आण्यांचे नवे पैसे किती?" तिने विचारले.

"एकोणीस."

"चूक! सहा त्रिक अठरा," ती म्हणाली आणि मला वही दाखवू लागली. मी तिला समजावू लागलो, ती ऐकेना. काकाही उठून दिव्याजवळ आले आणि ते तिच्या बाजूने बोलू लागले. शेवटी पहाटे पाचला उठावयाचे आहे, याची आठवण करून देऊन आईने दिवा मालवला.